तारेकडून परतणारा

दुपारचे दोन वाजून गेले होते आणि वहिनी अंगणात बसून विंचच्या तारेला तेल लावत होती. हातात चामड्याचे मोजे, मांडीवर फाटकं बनियन, शेजारी तेलाचा डबा. तार हाताळायची ती मोजे घालूनच. तिचा एखादा तुटका धागा तळव्यात घुसला की आठवडाभर घास तोंडाशी न्यायची पंचाईत. हे तिला नवऱ्याने शिकवलं होतं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, पण त्याची शिस्त घरात अजून नांदत होती.

धंदा त्याचाच. चिखलात, वाळूत, ओढ्यात रुतलेल्या गाड्या विंच, म्हणजे तार गुंडाळून ओढणारं यंत्र, लावलेल्या ट्रकने बाहेर ओढून काढायच्या. तो होता तोवर ती घरून फोन घ्यायची; तो गेल्यावर ट्रकवर चढली. आधी लोक हसले, मग बोलवायला लागले. गिऱ्हाइकंसुद्धा तिला वहिनीच म्हणत, कारण सोबत असायचा तो तिचा दीर दिवसातून शंभरदा ‘वहिनी, वहिनी’ करायचा आणि ऐकून ऐकून तेच नाव पडलं. त्याला सगळे धाकटा म्हणत. तिशी उलटली तरी धाकटाच.

तेवढ्यात फोन वाजला; जनावरांच्या डॉक्टरांचा होता. तळ्याकाठच्या दलदलीत सकाळपासून त्यांची गाडी रुतली होती.

“अहो, फोर बाय फोर आहे माझी! चारी चाकांना ताकद आहे!” डॉक्टर अशा सुरात सांगत होते, जणू चिखलाने आधी गाडीची कागदपत्रं बघायला हवी होती.

“चारी चाकं फिरतायत ना?”

“चारी!”

“मग चार खड्डे खणून झाले असतील. आता ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. येतो आम्ही.”

फोर बाय फोरचा खरा उपयोग वहिनीला ठाऊक होता. साधी गाडी जिथे रुतते, त्याच्या दोन फर्लांग पुढे जाऊन ती रुतते. घाई मात्र खरी होती. संध्याकाळी सहाला वरच्या धरणाचे दरवाजे उघडत आणि तासाभरात दलदलीत कमरेएवढं पाणी चढे. तोवर गाडी निघाली नाही, तर मग ती माशांचीच.

“तळ्याकाठी जायचंय,” तिने सांगितलं, तसा टायरमधली हवा बघत बसलेला धाकटा तिथेच थबकला.

“वहिनी, तिकडे नको.”

“का?”

“धुकं असतं तिकडे या दिवसांत.”

“धुक्याला कधीपासून भ्यायला लागलो आपण?”

तो हवेचा मीटर पुन्हा पुन्हा पुसत राहिला. वहिनीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ती तशी रोजच चुकचुकायची. दोन वर्षांत त्या पालीला तिथे कायमचं घर मिळालं होतं.

निघताना सासू दारात आली. पूर्वी ती ‘लवकर या’ म्हणायची. आता म्हणायची, “जितके जाताय तितके परत या.”

वहिनीचा नवरा गेला तो त्याच दलदलीच्या पलीकडच्या काठावर. तो कसा गेला हे सांगायचं तर आधी मोजणी म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे; त्यावाचून पुढचं काहीच कळायचं नाही.

तार ताणली की तिच्यात केवढी ताकद साठते, हे बघणाऱ्याला दिसत नाही. तुटली तर समोरच्या माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. म्हणून तारेच्या मध्यावर जाड ओली रजई टाकायची, म्हणजे तुटकं टोक हवेत न उसळता खाली बसतं. ट्रकचं बॉनेट उघडून ठेवायचं, म्हणजे तार आलीच तर काच फोडून आत घुसत नाही. आणि बटणावरचा सोडून माणसं सगळी ट्रकच्या मागे, मागच्या फळीपाशी, म्हणजे फाळक्यापाशी. ताणलेली तार ओलांडायची नाही, तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, मग ती कितीही गरीब दिसो. आता अडचण अशी, की बॉनेट उघडलं म्हणजे दारापाशी बटण धरून उभा असतो त्याला पुढचं काही दिसत नाही. म्हणून तिच्या नवऱ्याने मोजणी घालून दिली होती. बटणावरचा म्हणणार ‘एक’. फाळक्यापाशी उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणणार ‘दोन’. आणि तार अडकवलेली कडी, रजई सगळं बघून तारेकडून जो शेवटी परतेल, तो मागे येऊन म्हणणार ‘तीन’. शेवटचा आकडा कानावर पडल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

त्या दिवशी बटणावर धाकटा होता आणि तारेकडे थोरला. गिऱ्हाईक म्हणजे कानाने अधू असा एक म्हातारा. धाकटा ‘एक’ म्हणाला, म्हातारा ‘दोन’ म्हणाला, आणि धाकट्याने बटण दाबलं. थोरला तेव्हा तारेवर वाकून घसरलेली रजई सारखी करत होता. तार तुटली.

“दादा ‘तीन’ म्हणाला होता,” धाकटा सांगत राहिला. पोलिसांना, आईला, वहिनीला. “माझ्या पाठीमागून म्हणाला. फाळक्यापासून. या कानांनी ऐकलं मी, वहिनी.”

म्हणजे माणूस पुढे मरत होता आणि आवाज मागून येत होता. पोलिसांनी अपघात लिहिला. सासूने डोळे पुसून उरलेल्या मुलाला पोटाशी धरलं. वहिनीने मात्र विश्वास ठेवला नाही. दोघा भावांचा तीन दिवस अबोला होता, हे तिला माहीत होतं. धाकट्याला लांबच्या गावी ट्रक चालवायला जायचं होतं आणि थोरला सोडत नव्हता. एवढ्यावरून कोणी भावाला मारत नाही, हेही तिला कळत होतं. पण रागाच्या भरात शेवटच्या आकड्याची वाट न बघता अंगठा पडला असेल, आणि मग ते झाकायला हा मागचा आवाज… कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि धाकटा ताकास तूर लागू देत नव्हता.

मग त्याला सोबत ठेवलं कशाला? एक तर चिखल त्याच्याइतका कोणाला कळत नव्हता. आणि दुसरं, ज्याच्यावर संशय तो डोळ्यांसमोर असलेला बरा. बटण मात्र तिने पुन्हा त्याच्या हाती दिलं नाही. आणि ‘भावोजी’ ही हाक बंद केली. ‘तार सोडायची.’ ‘पहार आणायची.’ नाव नाही, नातं नाही. भिंतीला सांगावं तसं ती त्याला दोन वर्षं सांगत होती. आणि तो बिचारा वहिनी वहिनी करत पहार आणत होता.

ट्रक बांधावरून खाली उतरला तेव्हा चार वाजत आले होते. धुकं होतंच. वरच्या रस्त्यावर ऊन होतं, चांगलं पिवळंधमक, आणि बांध उतरल्यावर दहा पावलांत ते मागे राहिलं. कुजक्या गवताचा आणि ओल्या लोखंडाचा वास येत होता. चिखलात कुठेतरी बुडबुडा फुटायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक, आधीच्यापेक्षा जवळ. पक्षी नव्हते. एवढं मोठं तळं आणि एक पक्षी नाही, हे वहिनीच्या लक्षात आलं. धाकटा सारखा आरशात मागे बघत होता.

डॉक्टर गोलमटोल होते आणि त्यांचा एक बूट दलदलीने ठेवून घेतला होता. गाडी दारापर्यंत बुडाली होती.

“आलात! बरं झालं बाई. आणि तिघं आलात ते उत्तम, पटकन होईल.”

“दोघं आहोत,” वहिनी म्हणाली.

“हो का?” डॉक्टरांनी चष्मा पुसला. “ट्रकमधून तिघं उतरल्यासारखं वाटलं. हे धुकं म्हणजे…”

धाकट्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने त्याच्याकडे बघितलं. याने आधीच फोन करून डॉक्टरांना काही शिकवून ठेवलंय की काय, हा तिचा पहिला विचार. संशयी माणसाला भुताची भीती कमी वाटते. त्याला आधी माणसंच दिसतात.

“तार सोडायची,” ती म्हणाली.

डॉक्टरांची सूचना तयार होती. “मागे तो ट्रेलर जोडायचा गोळा आहे ना, त्यालाच अडकवा की! सोपं काम.”

“तो गोळा तुटून सुटला की तोफेचा गोळा होतो, डॉक्टर. पुढच्या हुकाला लावायचं. आणि आत कोणी बसायचं नाही. गिअर मोकळा, चाकं सरळ, आणि तुम्ही फाळक्यामागे.”

“एवढा सोहळा?”

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे वहिनीच्या ओठांवर आलं होतं. पण बैलाच्या डॉक्टरांना बैलाची म्हण कशाला ऐकवा, म्हणून तिने फावडं उचललं.

अर्धा तास दोघांनी चाकांपुढचा चिखल उपसला. ट्रकच्या चाकांना ठोकळे लावले, तार ओढत नेली, कडी बसवून बोल्ट घट्ट केला, रजई भिजवून तारेवर घातली. वहिनीने बॉनेट उघडलं आणि समोरचं सगळं त्या पत्र्याआड गेलं. बटणाची वायर दारापर्यंत आणून ती उभी राहिली. इंजिन घरघरत होतं. धाकटा शेवटचं बघायला तारेकडे गेला होता. त्याच्या बुटांचा पचपच आवाज धुक्यात थोडा वेळ ऐकू आला, मग थांबला.

तिने नेहमीएवढा वेळ जाऊ दिला.

“एक,” ती म्हणाली.

“दोन!” मागून डॉक्टरांनी हाळी दिली.

इंजिनाची घरघर. बुडबुडा. मग पाठीमागून, फाळक्यापासून, जरा घसा बसल्यासारखा, नेहमीसारखाच थकलेला धाकट्याचा आवाज आला.

“तीन.”

अंगठा बटणावर टेकला होता. दुसरं कोणी असतं तर दाबून मोकळं झालं असतं. पण वहिनीने या आवाजाच्या एका शब्दावर दोन वर्षांत विश्वास ठेवला नव्हता. दर वेळी आकडा ऐकूनही ती मान वळवून बघायची, दिसतो का. तशीच तिने आत्ताही मान वळवली. धुक्यात नीट दिसेना, म्हणून बटण खाली ठेवून ती मागे गेली.

फाळक्यापाशी डॉक्टर एकटेच उभे होते.

“धाकटा कुठाय?”

“हा काय, इथेच…” डॉक्टरांनी मागे वळून बघितलं आणि त्यांचा हात हवेतच राहिला. “आत्ता बोलला की हो. माझ्या खांद्यामागून. मानेला श्वास लागला त्याचा.” त्यांनी मान चोळली. “गार होता.”

वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. नाटकं! आपलं जुनं खोटं खरं ठरवायला हा आता लपाछपी खेळतोय. ती ट्रकच्या कडेने तरातरा पुढे गेली, बॉनेटच्या पुढे आली, आणि उभी राहिली.

धाकटा वीस पावलांवर होता. तारेच्या दोन्ही बाजूंना दोन पाय रोवून, खाली वाकून, घसरलेली रजई दोन्ही हातांनी वर ओढत होता.

“भावोजी!”

ती हाक आपल्या तोंडून गेली हे तिला मागाहून कळलं. धाकट्याने चमकून मान वर केली.

“झालंच, वहिनी. रजई घसरली होती. मी अजून कुठे मोजणी दिली?”

ती त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या दंडाला धरून त्याला तारेवरून ओढत ट्रकच्या मागे घेऊन आली. धाकटा तिच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि बघता बघता त्याचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला.

“ऐकलंत?” त्याने हळूच विचारलं.

तिने मान डोलावली.

“पाठीमागून?”

“हो.”

“माझा… आवाज?”

“तुमचाच.”

धाकटा फाळक्याला टेकून खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, पण त्याला लाज वाटत नव्हती. “दादाचाही असाच आला होता, वहिनी. अगदी दादाच. मला वाटायचं मलाच वेड लागलंय… रात्री वाटायचं, खरंच मी न ऐकताच दाबलं का? तुम्ही माझ्याकडे बघायचात ना, तेव्हा मला तेच खरं वाटायचं.”

वहिनीला त्याच्याकडे बघवेना. दोन वर्षं तिने या माणसाला खुनी समजून ताटात वाढलं होतं. आणि आज तिच्या अंगठ्याखाली तो तसाच मेला असता, आणि मग तीही जन्मभर हेच सांगत बसली असती, मागून आवाज आला, या कानांनी ऐकलं.

“माझं चुकलं, भावोजी,” ती म्हणाली. “फार चुकलं.”

डॉक्टरांची बोबडी वळायच्या बेतात होती. “ताई, राहू द्या गाडी. जाऊ द्या तळ्यात. आपण निघू.”

निघायला हवं होतं, हे खरं. पण वहिनीला आता भीतीपेक्षा राग आला होता. “याने माझा माणूस नेला,” ती धुक्याकडे बघत म्हणाली, “आणि आता गाडी, तार सगळं ठेवून मी पळू? मग उद्या कुठल्या चिखलात उतरायचं आम्ही?”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिने नवी रीत काढली. आकडे बंद. कानांवर विसंबायचंच नाही. मागे उभं राहणाऱ्याने हातमोजा काढून फाळक्यावर उघडा पंजा ठेवायचा. बटणावरच्याने आधी मागे यायचं, प्रत्येक पंजावर आपला हात ठेवायचा, माणसं तेवढे हात भरले की मगच बटणाकडे जायचं. तोवर कोणी पंजा उचलायचा नाही.

तसंच केलं. तिने डॉक्टरांच्या हातावर हात ठेवला, जाडजूड, घामेजलेला. धाकट्याच्या हातावर ठेवला. चिखलाने राठ झालेला, पण आत ऊब. दोन हात. ती धावत दारापाशी गेली आणि बटण दाबलं. तार ताणली, कण्हली, दलदलीने मोठा घोट सोडावा तसा आवाज झाला, आणि गाडी हलली. दहा-बारा फूट आली. मग पुढचं चाक चिखलात बुडालेल्या एका बुंध्याला अडलं आणि विंच गुरगुरायला लागली. तिने लगेच बटण सोडलं.

“बाजू बदलायला हवी,” धाकटा म्हणाला. “कडी डावीकडून काढून उजव्या हुकाला लावली की चाक बुंध्याला वळसा घालून येईल. मी जातो.”

“तुम्ही नाही. मी जाते.” तिने तार ढिली केली आणि बटण त्याच्यापुढे धरलं. “हे तुम्ही घ्या.”

धाकटा त्या बटणाकडे बघतच राहिला. दोन वर्षांनी ते त्याच्या हाती येत होतं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, जपून घ्यावं तसं.

डॉक्टर एव्हाना बांधावर जाऊन उभे राहिले होते, वर उन्हात, आणि खाली यायला साफ नकार देत होते. “मी इथूनच बघतो,” त्यांचा आवाज आला. बरंच झालं. म्हणजे आता मोजायचा हात एकच, तिचा.

ती तारेच्या कडेने, तार पायाखाली न घेता, गाडीपर्यंत गेली. कडी चिखलाखाली गेली होती. गुडघ्यावर बसून तिने कोपरापर्यंत हात घातला. गार पाणी हातमोज्यांच्या आत शिरलं. बोल्ट निघेना. तिने जोर लावला, शिवी हासडली, पुन्हा जोर लावला. पाच मिनिटं गेली असतील, नाहीतर दहा. धुक्यात वेळही नीट दिसत नाही. शेवटी बोल्ट फिरला. तिने कडी उजव्या हुकाला लावली, घट्ट केली, ढिली तार सरळ केली, रजई आणून मध्यावर टाकली आणि ती ट्रककडे निघाली. बोटं बधिर झाली होती. पण मन कित्येक दिवसांनी हलकं होतं. घरी गेल्यावर सासूला सांगायचं, तिने ठरवलं. भावोजींसमोरच सांगायचं.

ट्रकची आकृती धुक्यातून पुढे आली. इंजिन चालू होतं. दारापाशी धाकटा नव्हता.

तो ट्रकपासून चार पावलं बाजूला, उघड्यावर उभा होता. बटण छातीशी धरलेलं, वायर ताणलेली. आणि तो फाळक्याकडे बघत होता.

“भावोजी? तिथे काय करताय? मागे व्हा.”

त्याने मान वळवली. तिला बघून तो दचकला, आणि पुन्हा फाळक्याकडे बघितलं.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुम्ही… आत्ता तर इथे होतात.”

“मी गाडीपाशी होते. बोल्ट निघत नव्हता.”

ती त्याच्या पुढून फाळक्याकडे गेली, तर फाळक्यावर धूळ आणि चिखल वाळून बसला होता. त्यात एक ओला पंजा उमटला होता. बायकी, लहान, पाची बोटं पसरलेला. त्याच्या खालच्या कडेवरून पाण्याचा ओघळ अजून उतरत होता.

“मी मागे आलो,” धाकटा सांगू लागला, एकेक शब्द मोजून. “हात होता. उघडा, हातमोजा नसलेला. मी त्यावर हात ठेवला, सांगितलं होतंत तसा… गार होता, वहिनी. माणसाचा हात इतका गार नसतो. म्हणून दाबलं नाही. म्हणून बाजूला झालो.”

“तोंड बघितलंत?”

“वर बघायची छाती झाली नाही.”

बांधाकडून डॉक्टरांचा काहीच आवाज येत नव्हता. बुडबुडा फुटला. वहिनी एक पाऊल पुढे आली, तसा धाकटा एक पाऊल मागे गेला. ती थांबली. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिने लगेच ओळखलं. ओळखणार नाही तर काय? दोन वर्षं ते तिच्याच डोळ्यांत होतं.

“भावोजी, मीच आहे.”

“हात दाखवा,” तो म्हणाला. “हातमोजा काढून.”

तिने हातमोजा ओढला. आत साचलेलं पाणी मनगटावरून खाली गळलं. बोटं पांढरीफटक पडली होती, सुरकुतली होती. तिने तो हात पुढे केला.

धाकट्याने लांबूनच दोन बोटं पुढे केली. तिच्या तळव्याला टेकवली. आणि विस्तव लागावा तशी मागे घेतली.

“पाण्यात होता हो इतका वेळ… भावोजी, मागे जाऊ नका. मागे तार आहे, दलदल आहे. भावोजी, ऐका माझं…”

तो ऐकत नव्हता. बटणाची वायर हिसका बसून ट्रकमधून निसटली. एकेक पाऊल मागे टाकत, नजर तिच्यावरून न काढता, तो ट्रकला वळसा घालून उघड्या बॉनेटच्या पलीकडे, दलदलीकडे सरकत होता. आणि त्याच्या पाठीमागच्या धुक्यातून, रजई टाकली होती तिथून, वहिनीच्या आवाजात, दमलेल्या आणि मायेच्या आवाजात, कोणीतरी म्हणालं, “या, भावोजी. मी इथे आहे.”

धाकट्याच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली. सुटल्यासारखं हसून तो तिकडे वळला.